धनी दूरदेशी, चाकर अथालला

(शास्त्रपाठ : २ राजे, अध्याय ५, कलस्सै. ३:२२-२५, मार्क १३:३४-३७. तरुण संघ व शब्बाथ शाळेच्या वरच्या वर्गांसाठी.)

सिल्वासाहून नरोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, दमणगंगेच्या काठी अथाल गाव आहे. एके काळी शेतीवाडीचे असलेले हे गाव आता कारखान्यांच्या नावाने ओळखले जाते. दादरा नगर हवेलीत करांच्या सवलती मिळाल्या तेव्हा मुंबई-सुरतेकडचे पुष्कळ उद्योग इकडे आले. त्यामुळे मालक दुसऱ्या गावी आणि कामगार येथे, ही गोष्ट अथालच्या माणसाला नवी नाही. मात्र मालक समुद्रापलीकडच्या देशात आणि चाकर अथालच्या माडीवरच्या खोलीत, हा प्रकार आपल्या मंडळ्यांत अलीकडेच दिसू लागला आहे. ह्या महिन्याचा पाठ त्याविषयी आहे.

गणपतीच्या सुमारास अशा एका घरी आम्ही दोघेतिघे प्रार्थनेसाठी गेलो होतो. घरातील आई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेली. मुलगा कुवेतमध्ये एका कंपनीच्या हिशेबखात्यात नोकरीला. (नाव सांगण्याचे कारण नाही, त्याच्या संमतीनेच लिहीत आहे.) आईच्या दुखण्याची तार म्हणा, फोन म्हणा, एप्रिलच्या अखेरीस गेला आणि तो महिन्याच्या रजेवर आला. रजा संपली, पण आईला सोडून जाववेना. त्याच्या कचेरीत साथीच्या वर्षांपासून घरून काम करण्याची मोकळीक होती. म्हणून रजा संपल्यावर त्याने अथालच्या खोलीतच लॅपटॉप उघडला आणि काम सुरू केले. आपण कुवेतमध्येच आहोत असे कंपनीला दिसावे म्हणून व्हीपीएन नावाची सोय वापरली. साहेबांचा फोन आला की खिडकी लावून घ्यायची, म्हणजे बाहेरचा भोंगा आणि कोंबड्यांचा आवाज जाणार नाही. एकदा साहेबांनी सहज विचारले, "कुठे आहेस?" त्याने उत्तर दिले, "घरीच."

प्रार्थना झाल्यावर तो आम्हांला फाटकापर्यंत पोहोचवायला आला आणि म्हणाला, "काका, काम मी पुरे करतो. उलट दोन तास जास्तच करतो. आईची सेवाही होते. मग मी बसलो कुठे ह्याला काय महत्त्व? हे पाप आहे का?"

प्रश्न प्रामाणिक होता. त्याला रस्त्यात उभ्याउभ्या उत्तर देणे बरे नव्हते. घरी येऊन शास्त्र उघडले, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा त्याच्याकडे गेलो. त्या बैठकीत जे बोलणे झाले त्यातूनच हा पाठ तयार झाला.

प्रथम त्याच्या बाजूचे जे खरे आहे ते मान्य केले पाहिजे. कलस्सैकरांस लिहिताना पौल चाकरांना बजावतो की धन्याची नजर आहे तोवर काम आणि नजर फिरली की आराम, अशी चाकरी करू नये. जे काही करावयाचे ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करावे. ह्या कसोटीला आमचा तरुण उतरतो. त्याच्या खोलीत कोणी मुकादम नाही, हजेरीपट नाही, तरी त्याची हिशेबाची पाने वेळेवर जातात. देखरेखीशिवाय काम करता येणे ही मोठी गोष्ट आहे, आणि आपल्या तरुणांना ती शिकवली पाहिजे. आईची सेवा तर पाचव्या आज्ञेतच आली. स्वतःच्या घरच्यांची तरतूद न करणाऱ्याविषयी १ तीमथ्य ५:८ मध्ये किती कडक शब्द आहेत ते वाचकांनी पाहावे.

तेव्हा दूर बसून काम करणे हा दोष नव्हे. मार्काच्या तेराव्या अध्यायात प्रभू येशू एका घरधन्याचा दृष्टांत देतो. तो परदेशी जातो, प्रत्येक चाकराला त्याचे त्याचे काम नेमून देतो आणि दारवानाला जागे राहण्यास सांगतो. तेथे धनी दूर जातो आणि चाकर आपल्या जागी राहतो. आज उलटे झाले आहे. चाकर उठून दुसऱ्या देशात जाऊन बसतो, आणि धन्याला त्याची वार्ताही नसते. अडचण ह्या शेवटच्या गोष्टीत आहे.

आता २ राजे पाचवा अध्याय घेऊ. नामानाच्या कोडाची व यार्देनेतील सात बुड्यांची गोष्ट म्हणून आपण तो शिकवतो, आणि बहुतेक शिक्षक चौदाव्या ओवीवर थांबतात. पण हा अध्याय परक्या देशातील चाकरीचाही आहे. त्यात तीन चाकर आहेत. पहिली ती लहान मुलगी. लुटीत धरून नेलेली, मनाविरुद्ध परदेशात राबणारी. तिने धन्याचे वाईट चिंतिले असते तर कोणी नवल केले नसते; पण तो बरा व्हावा असे तिला वाटते. दुसरा स्वतः नामान. तो सेनापती असला तरी अरामाच्या राजाचा चाकरच आहे. तिसरा गेहजी, अलीशाचा नोकर.

गेहजीने काय केले ते बारकाईने पाहू या. नामानाने देऊ केलेली भेट अलीशाने नाकारली. गेहजी त्याच्या मागे धावला आणि आपल्या धन्यानेच पाठवले आहे असे सांगून दोन किक्कार चांदी व दोन पोशाख घेऊन आला. माल घरात ठेवला, आणि नित्याप्रमाणे धन्यापुढे उभा राहिला. अलीशाने विचारले, कोठून येतोस? आपण कोठेही गेलो नव्हतो, असे गेहजीने सांगितले.

आमच्या तरुणाने हा भाग वाचला आणि बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पण काका, गेहजी लोभाने गेला होता. मी आईसाठी आलो." हे त्याचे म्हणणे रास्त आहे. शिक्षकांनीही वर्गात दोघांना एका मापाने मोजू नये. परंतु गेहजीलाही बचाव करता आला असता. अलीशाचे एक नाणेही त्याने चोरले नव्हते. नामानाने भेट राजीखुशीने दिली, मागितली त्याहून दुप्पट दिली. धन्याचे कोणतेही काम अडले नव्हते. मग बिघडले कोणाचे? अलीशाचे बिघडले. जे त्याने सांगितले नव्हते ते त्याच्या नावावर गेले. देवाची कृपा फुकट मिळते हे त्या परदेशी माणसाला दाखवण्यासाठी त्याने भेट नाकारली होती, आणि चाकराच्या एका खोट्यामुळे नामान मनात दुसरीच समजूत घेऊन आपल्या देशी गेला.

लपवून परदेशातून काम करणाऱ्याच्या बाबतीतही धन्याच्या नावावर असेच काही चढते. हे पुष्कळांना ठाऊक नसते, म्हणून थोडे व्यवहाराचे सांगतो.

मजुरी कोठे मिळवली? सामान्यपणे आपला कायदा असे धरतो की जेथे बसून काम केले तेथे मिळवली. पगार कुवेतच्या बँकेत जमा झाला म्हणून तो कुवेतचा ठरत नाही. थोड्या दिवसांच्या मुक्कामाला दोन देशांमधील करारांमुळे सूट मिळू शकते. पण एका आर्थिक वर्षात, म्हणजे १ एप्रिल ते ३१ मार्च ह्या काळात, १८२ दिवस वा अधिक भारतात राहिलेला माणूस येथील रहिवासी ठरतो, आणि रहिवाशाच्या जगभरच्या मिळकतीवर येथे कर लागू होतो. कुवेतमध्ये पगारावर व्यक्तिगत प्राप्तिकर नाही. त्यामुळे तेथून आलेल्याला वाटते की आपला कराशी संबंधच नाही, आणि तो दिवस मोजीत नाही. आमच्या तरुणाने त्या संध्याकाळी पासपोर्टवरचा शिक्का पाहून मोजले तेव्हा दीडशेच्या वर दिवस झाले होते. शिवाय रहिवासी झाल्यावर एनआरई खाते तसेच चालू ठेवता येत नाही. बँकेला कळवून ते बदलावे लागते. ह्याखेरीजही काही अटी आहेत, तेव्हा प्रत्येकाने जाणत्या कर-सल्लागाराला विचारावे. मंडळीतील वडिलांच्या सल्ल्याने विवरणपत्र भरू नये. मी स्वतः वडील आहे, म्हणून हे सांगतो.

आता कंपनीची बाजू. तिचा नोकर भारतात बसून काम करतो असे निघाले, तर तिचाच व्यवसाय भारतात चालतो काय, असा प्रश्न येथील कर-अधिकारी विचारू शकतात. गिऱ्हाइकांची कागदपत्रे देशाबाहेर जाऊ देणार नाही असा तिचा करार असेल, तर तो मोडला जातो. नोकर कुवेतमध्ये आहे असे तिने तेथील सरकारला आणि विमा कंपनीला लिहून दिलेले असते. म्हणजे "घरीच" हा शब्द उच्चारला चाकराने, पण खाली सही मात्र धन्याची पडली. कुवेतच्या निवासाच्या परवान्याची गोष्ट वेगळीच. सहा महिन्यांहून अधिक काळ देशाबाहेर राहिल्यास तो सामान्यतः रद्द होतो. तो दिवसही जवळ येत चालला होता.

"घरीच" हे उत्तर शब्दशः खोटे नव्हते, असे आमच्या तरुणाने सांगून पाहिले. अथाल हे त्याचे घरच. पण विचारणाऱ्याला काय समजेल हे ठाऊक असून, त्याने तेच समजावे म्हणून निवडलेला शब्द खरा कसा म्हणावा? हा प्रश्न वर्गात जरूर घ्यावा. दहा वर्षांच्या मुलालाही तो समजतो. त्याने आईला अशी उत्तरे दिलेली असतात.

ह्याच अध्यायात नामानाची वागणूक पाहण्यासारखी आहे. बरा झाल्यावर तो इस्राएलाच्या देवाचा झाला, पण राहणार अरामात. म्हणजे त्याचा खरा धनी आता एका अर्थी दुसऱ्या देशाचा. दोन खेचरांवर लादता येईल इतकी माती तो मागून नेतो. त्याची एक अडचण आहे : आपला राजा रिम्मोनाच्या देवळात आपल्या हाताचा आधार घेऊन नमन करील तेव्हा आपल्यालाही वाकावे लागेल. ही गोष्ट लपवणे त्याला सोपे होते. अलीशा काही दिमिष्काला येऊन पाहणार नव्हता. तरी निघण्यापूर्वी तो स्वतः होऊन ती बोलतो आणि क्षमा मागतो. अलीशाही त्याला झिडकारीत नाही. शांतीने निरोप देतो. अडचण नामानाची मोठी होती, आणि त्याने ती तोंडावर सांगितली. गेहजीला सांगण्यासारखी अडचणच नव्हती, म्हणून तो लपला. आमच्या तरुणाकडे सांगण्यासारखे कारण होते. कोणत्याही साहेबापुढे ताठ मानेने ठेवता आले असते असे कारण. ते बाजूला ठेवून त्याने गेहजीचा मार्ग धरला ह्याचे मला अधिक वाईट वाटले.

येथे कोणी जाणता वाचक म्हणेल की आपल्याच मंडळीच्या इतिहासात असे लपून राहिलेले लोक आहेत. आहेत, आणि त्यांची गोष्ट टाळू नये. अमेरिकन बोर्ड ही संस्था १८१० साली स्थापन झाली. तिचे ठाणे बॉस्टनला. तिने पाठवलेले गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट १८१२ साली कलकत्त्यास उतरले, तेव्हा कंपनी सरकारने त्यांना देश सोडण्यास फर्मावले. ते ११ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईस पोहोचले. त्या वेळी अमेरिका व इंग्लंड यांच्यात युद्ध चालू होते, त्यामुळे संशय आणखी वाढलेला. त्यांना इंग्लंडला धाडण्याचा हुकूम आला, तेव्हा ते दोघे मुंबईहून गुपचूप जहाजाने निघाले. कोचीनला त्यांना अडवून परत आणले गेले. गव्हर्नर सर इव्हान नेपियन हा सज्जन मनुष्य होता. त्यालाही ह्या पलायनाने खेद झाला. मग हॉलने त्याला आपल्या सहीने पत्र लिहून आपली बाजू उघडपणे मांडली. पुढे त्यांना राहण्याची परवानगी मिळाली आणि अमेरिकन मराठी मिशनचे काम मुंबईत रुजले. नॉटला आजारपणामुळे लवकर परतावे लागले. हॉल १८२६ साली नाशिककडच्या दौऱ्यावरून परतताना पटकीने वारला.

ह्या दोघांचे गुपचूप निघणे योग्य होते काय? प्रेषितांची कृत्ये ५:२९ चा आधार त्यांच्या बाजूने देता येईल, आणि पुष्कळांनी दिला आहे. मला स्वतःला वाटते की कोचीनच्या जहाजापेक्षा ते पत्रच अधिक कामी आले. पण आपल्या पाठाच्या दृष्टीने दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या. एक, ज्या बोर्डाचे ते चाकर होते त्याच्यापासून त्यांनी काही लपवले नाही. आपण कोठे आहोत, काय करीत आहोत, हे ते रोजनिशीतून व पत्रांतून बॉस्टनला कळवीत. दुसरी, त्या काळी जहाजाने पत्र पोहोचण्यास कित्येक महिने लागत आणि उत्तर यायला तितकेच. विचारून मग करावे म्हटले तर वर्ष निघून जाई. आज अथालहून लिहिलेले पत्र कुवेतला क्षणात पोहोचते. "विचारायला सवड नव्हती" असे आपल्याला म्हणता येत नाही. शिवाय सुवार्तेसाठी तुरुंगाचा धोका पत्करणाऱ्यांचे उदाहरण पगार सांभाळण्यासाठी पुढे करणे शोभत नाही.

सरकारे निष्ठुर असतात अशीही एक सबब ऐकू येते. नेहमीच तसे नसते. २०२० च्या मार्चमध्ये विमाने बंद झाली आणि परदेशी नोकरी करणारे हजारो लोक भारतात अडकले, तेव्हा केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने मे महिन्यात परिपत्रक काढले. त्या सरत्या वर्षासाठी अडकून पडलेले दिवस मुक्कामात न मोजण्याची सवलत दिली. एका देशात राहून दुसऱ्या देशातील मालकाचे काम करणाऱ्यांसाठी काही देशांनी खास परवानेही सुरू केले आहेत. एस्टोनियाने २०२० साली असा परवाना दिला, पोर्तुगालने २०२२ साली. ज्या पोर्तुगालची सत्ता २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासातून गेली, तोच देश आज म्हणतो की या, येथे राहा, काम दुसऱ्याचे करा, मात्र कागद दाखवा आणि मिळकत सांगा. काळ कसा फिरतो पाहा!

आणखी एक गोष्ट, जी आम्हां शिक्षकांच्या जिव्हाळ्याची आहे. कुवेतमध्ये शुक्रवार-शनिवार सुटी. रविवारी कामाचा आठवडा सुरू होतो. तेथे असताना हा तरुण शुक्रवारी उपासनेला जात असे, कारण तेथील मंडळ्या शुक्रवारी जमतात. अथालला आल्यावर शुक्रवारी मंडळी नाही आणि रविवारी सवड नाही. कुवेतचे आठ म्हणजे आपले साडेदहा. नेमकी उपासनेची वेळ. पूर्वी सुटीवर आला की तो शब्बाथ शाळेत मुलांना शिकवी. ह्या खेपेस पाच महिने गावात राहून तो मंडळीत एकदाही दिसला नाही. आईच्या सेवेत गुंतला असेल असे सर्वांना वाटले. त्यानेही ते वाटू दिले. एक गोष्ट लपवली की तिच्या भोवती दुसरी लपवावी लागते. मंडळीलाही त्याने "घरीच" असेच उत्तर दिले होते म्हणा ना.

शिक्षकांसाठी दोन सूचना. मुलांकडून गेहजी व अलीशा यांचा संवाद वाचून घ्यावा आणि अलीशाने विचारताच तेथे थांबावे. गेहजी ह्या क्षणी काय सांगू शकला असता, हे मुलांना विचारावे. माझ्या वर्गातील एका मुलीने सांगितले, "चांदी अजून घरातच होती, परत देता आली असती." दुसरी सूचना कोडाविषयी. गेहजीला कोड लागले, हे वाचताना महारोग म्हणजे पापाची शिक्षा अशी समजूत मुलांच्या मनात बसू देऊ नये. शास्त्रातील कोड आणि आजचा कुष्ठरोग सर्वस्वी एकच नव्हेत. कुष्ठरोग जंतूंमुळे होतो, औषधांनी पूर्ण बरा होतो, आणि सरकारी दवाखान्यात त्याचे उपचार मोफत मिळतात. आपल्या भागात हा रोग अजून आढळतो. वर्गात एखादे मूल अशा घरचे असू शकेल.

आता त्या तरुणाचे पुढे काय झाले ते. त्याने दुसऱ्या दिवशी साहेबांना पत्र लिहिले. मसुदा मला दाखवला होता. मी त्यातील एक परिच्छेद काढायला लावला, कारण त्यात आईच्या दुखण्याचे वर्णन फार होते आणि आपल्या चुकीची ओळ एकच होती. तीन दिवस उत्तर आले नाही. ते दिवस घरात फार जड गेले. चौथ्या दिवशी उत्तर आले. साहेबांनी आईची विचारपूस केली होती. पण कंपनीने फसवणुकीबद्दल लेखी ताकीद दिली आणि ती त्याच्या कागदांत कायम राहील असे कळवले. कायमची नोकरी सोडावी लागली. त्याऐवजी अथालहूनच कराराने काम देऊ केले, पगार पूर्वीपेक्षा कमी. भविष्यनिर्वाह निधी नाही, परतीचे तिकीट नाही. परदेशी कंपनी कर कापून घेत नाही, तेव्हा तो आता स्वतःच अग्रिम कर भरतो : जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्च, प्रत्येक महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत. मागील महिन्यांचा हिशेबही सल्लागाराकडून करून घेतला. त्यात बचतीचा बराच भाग गेला. आईचे औषधपाणी आणि बहिणीचे शिक्षण ह्याच पगारावर आहे, हे मी जाणतो.

रविवारची सकाळ मोकळी मिळावी असे त्याने पत्रात मागितले होते. ते मिळाले नाही. आठवड्याचा पहिला दिवस, हिशेब जुळवायचे असतात, असे उत्तर आले. तेव्हा पाळकांनी व आम्ही वडिलांनी बसून विचार केला, आणि वरच्या वर्गाची शब्बाथ शाळा सकाळी साडेआठला घेण्याचे ठरवले. तोच ती घेतो. मुले लवकर उठावे लागते म्हणून कुरकुरतात. दहाच्या ठोक्याला तो सायकलवर टांग टाकून घरी जातो. उपासनेला थांबत नाही, आणि कोणी विचारले तर का थांबत नाही ते सांगतो.